पाचव्या फेरीचा कौल

लालबाग, मुंबई
२ नोव्हेंबर १९५५

आक्का,

तुझ्या पाया पडून लिहायला बसलोय. गाळ्यात, आम्हा गावकऱ्यांच्या खोलीत, आता कोणी नाही. गावचे सगळे सभेला गेलेत. हल्ली लालबागला रोज सभा, आणि आपला कुशाबा रोज पहिल्या रांगेत. महाराष्ट्राला मुंबई मिळाल्याशिवाय तो आता जेवतो तरी का, याची मला शंका आहे. म्हणून हीच वेळ साधली.

आक्का, मला पडायला सांगितलंय. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये, ठोसा खाऊन, बघणाऱ्यांना खरं वाटेल असं. २६ तारखेला वरळीच्या मंडपात कोलंबोच्या सिल्वाशी माझी आठ फेऱ्यांची लढत आहे. काल मनमोहनशेटने फणसवाडीतल्या त्याच्या माडीवर बोलावलं. आम्ही जे पैसे घेऊन लढतो, त्यांच्या लढती लावणारा तो. त्याने म्हटलं तर लढत, नाहीतर घरी बसा. चहा पाजला, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "दौलतराव, पाचवी फेरी. त्याआधी नको, तिकीट काढून आलेल्यांना वाईट वाटतं. उन्हाळ्यात परतीची लढत लावू, ती तुमची. कोणाचं काय जातं यात?"

मी म्हटलं, मी सिल्वाला हरवू शकतो. तर गोड हसला. "हरवा की. पंच कोणाचे आहेत ते ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. गेल्या वर्षभरात तीन लढती मी जिंकलो आणि तिन्ही वेळा हात दुसऱ्याचा वर झाला. लोक ओरडले, खुर्च्या आपटल्या आणि घरी गेले. म्हणजे शेवटपर्यंत उभा राहिलो तरी हरणार. राहता राहिली एकच वाट, सिल्वाला असा आडवा करायचा की पंचांना बोलायला जागाच उरू नये. ते केलं तर मनमोहनशेट मला पुन्हा रिंगच्या दोरीलाही हात लावू देणार नाही. वय बत्तीस झालं. गिरणीत अजून बदलीवाला. सकाळी फाटकावर उभं राहायचं, कोणी आजारी पडला तर काम, नाहीतर परत. बॉक्सिंग गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही गं. आणि पडलो तर हा सगळा गाळा बघायला येणार आहे. "आमच्या गावचो झील," म्हणून कुशाबाने अख्ख्या चाळीला सांगून ठेवलंय. त्यांच्या देखत मी खोटा आडवा होणार.

काय करू? तू इथे असतीस तर आधी कानाखाली दिली असतीस आणि मग सांगितलं असतंस.

नाही आक्का, हे वाचून तुला सोसायचं नाही. हे पत्र ट्रंकेत टाकतो आणि दुसरं लिहितो.


लालबाग, मुंबई
२ नोव्हेंबर १९५५

तीर्थरूप शांताआक्का,

पाया पडतो. मी बरा आहे. गंगुबाईच्या खाणावळीत पोटभर जेवतो. बांगडा महाग झाला म्हणून ती आमटीत पाणी वाढवते आणि आम्ही तिच्या आमटीला अरबी समुद्र म्हणतो. तुझं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?

एक काम सांगतो, ते मात्र लगेच कर. माझ्या मनात एक गोष्ट आहे. ती करू की नको, हे मला कळेनासं झालंय. इथे ज्याला विचारावं त्याचा त्यात काही ना काही मतलब आहे. तेव्हा देवळात जा आणि राजाराम गुरवाला देवाच्या अंगावर फुलांचे कळे लावून कौल घ्यायला सांग. म्हणावं, दौलतच्या मनातलं काम आहे, तोंडाने सांगायचं नाही. उजवा कळा पडला तर करतो, डावा पडला तर सोडून देतो. आपल्या रवळनाथाला मनातलं कळतं असं तूच लहानपणी सांगायचीस.

काय आहे म्हणून विचारू नकोस. देव सांगेल तसं करीन, मागेपुढे बघणार नाही. उत्तर २६ तारखेच्या आत मिळेल असं बघ.

तुझा
दौलत


आंबेरखोल, तालुका मालवण
१३ नोव्हेंबर १९५५

चिरंजीव दौलत,

आक्काचे आशीर्वाद, आणि कान पिळायचा राहिलाय तो गावी आलास की. चार महिन्यांनी पत्र पाठवतोस ते देवाचं काम पडलं म्हणून. बहिणीची आठवण गुडघ्यापुरती.

सोमवारी देवळात जाऊन आले. कौल उजवा पडला. बिनघोर कर. उशीर तर झालाच आहे, आता मागेपुढे बघू नकोस. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. तुझ्या मनातलं मला कळत नाही असं समजत असशील तर तू अजून पाच वर्षांचाच आहेस. पण नाही विचारत. तू म्हणालास विचारू नको, नाही विचारत.

मारामाऱ्या जपून कर. नाक एकदा मोडलंय तेवढं पुरे. दिवाळीला कडबोळी केलीत, दत्ता ड्रायव्हरबरोबर पाठवीन म्हणते, पण तो वाटेतच खाईल.

तुझी
आक्का


लालबाग, मुंबई
३० नोव्हेंबर १९५५

तीर्थरूप आक्का,

तुझं पत्र मिळालं. वाचून जिवाचा घोर उतरला. किती दिवसांनी नीट जेवलो.

२६ तारखेची लढत झाली नाही. २१ ला फ्लोरा फाउंटनकडे मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं मेली. तुझ्यापर्यंत बातमी आली असेलच. कुशाबा त्या मोर्चात होता. त्याच्या खांद्यावर लाठी बसली, हात अजून वर होत नाही. गाळ्यातले सगळे पळाले तेव्हा हा म्हातारा शेजारच्या पोराला पाठीशी घालून तिथेच उभा राहिला म्हणे. आल्यावर मी त्याचा खांदा शेकून दिला. तो म्हणाला, "माजा कसला काय. तू त्या सिल्वाक उताणो पाड, माजो खांदो आपसूक बरो होतलो."

मी शेकत राहिलो.

लढत आता ८ जानेवारीला आहे. देवाने सांगितलंय तेच करणार. माझ्या डोक्यावरचं देवाने घेतलं. तूही काळजी करू नकोस. ८ तारखेनंतर लिहितो.

तुझा
दौलत


आंबेरखोल
२२ जानेवारी १९५६

चिरंजीव दौलत,

८ तारीख गेली आणि अजून दोन ओळी नाहीत. इथे रोज काहीतरी नवीन ऐकते. मुंबईत कर्फ्यू आहे, गिरगावात गोळ्या चालल्या, लालबागला चालल्या, चाळीच्या गॅलरीत उभ्या माणसाला लागली. पोस्टमन दिसला की मी पडवीतून खाली उतरते आणि तो लांबूनच हात हलवतो. तू घरातून बाहेर पडत नाहीस ना? कुशाबाच्या नादाने मोर्चात गेला नाहीस ना? टपाल बंद असेल म्हणून पत्र नाही, अशी मनाची समजूत घालते.

आता मनातलं बोलते. तू विचारू नको म्हणालास म्हणून इतके दिवस गिळून बसले होते. बत्तिशीच्या पुरुषाच्या मनात, तोंडाने सांगता येत नाही असं दुसरं काय काम असणार रे? मला पहिल्याच ओळीला कळलं. लग्नाचं. मुंबईतली कोणी असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. पण नसेल, तर वरच्या वाडीतली मालन आहे. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती शेळ्यांमागे धावत होती. आता शिवणकाम करते, घर सांभाळते, आणि हसते छान. तिच्या वडलांच्या कानावर मी घातलंय. सांगितलं, देवाने उजवा दिलाय. त्यावर ते बिचारे काय बोलणार? शिमग्याला ये आणि बघून घे.

आधी दोन ओळी पाठव. नुसतं 'आहे' म्हणून लिहिलंस तरी चालेल.

तुझी
आक्का


लालबाग, मुंबई
५ फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप आक्का,

आहे.

ओळी वाकड्या आल्या तर हसू नकोस. एका डोळ्यावर पट्टी आहे. लढतीत लागलं. परळच्या हॉस्पिटलात होतो, आता गाळ्यावर आलोय. गोळीबिळी काही लागलेली नाही. कर्फ्यूच्या दिवसांत मी खाटेवरच होतो. खिडकीतून धूर दिसायचा आणि बाहेर धावणाऱ्यांचे पाय ऐकू यायचे.

मालनच्या घरी यापुढे काही बोलू नकोस. झालं तेवढ्यावर थांबव. का ते नंतर लिहितो.

त्याआधी एक विचारतो, खरं सांग. कौल कसा पडला? तू समोर होतीस ना? राजाराम गुरवाने कळे नीट लावले होते? ओले नव्हते, सैल नव्हते? मी खाटेवर पडून हेच घोळवतोय. देव असं कसं सांगेल? मला देवावर राग धरायचा नाही आक्का, पण रागच येतो. म्हणून विचारतो.

तुझा
दौलत


आंबेरखोल
१५ फेब्रुवारी १९५६

चिरंजीव दौलत,

'आहे' वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. डोळ्याला जप. दुधाच्या घड्या ठेव, चोळू नकोस.

पण गुरवावर संशय घेतोस म्हणजे कमाल आहे तुझी! बिचाऱ्याने किती सोसलं ते तुला काय ठाऊक. ऐक तर. सोमवारी मी त्याच्यासमोर बसले, कळे लावले, गाऱ्हाणं घातलं. पडला तो डावा. म्हटलं, असं कसं होईल? देवाचं लक्ष नसेल. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावा. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. गुरव म्हणाला, "बाय गो, देवाक कितीदा इचारतलंस? देवान सांगल्यान मा एकदा?" मी उठलेच नाही. म्हटलं, देवा, पोराला आई नाही, बाप नाही, मी अशी कुंकू पुसलेली. त्याचा संसार कोण मांडणार? तू डावा देत राहा, मी इथेच बसते. तासभर बसले. गुरवाची न्याहारी राहिली. शेवटी कंटाळून त्याने तिसऱ्यांदा लावले आणि मग देवाने उजवा दिला.

कोवळ्या मनाचा आहे आपला रवळनाथ. हट्ट केला की ऐकतो. तेव्हा राग सोड आणि शिमग्याला ये. मालनच्या घरी मी काय थांबवू? तिच्या आईने साखरपुड्याचं लुगडंसुद्धा बघून ठेवलंय.

तुझी
आक्का


लालबाग, मुंबई
१४ मार्च १९५६

तीर्थरूप आक्का,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. रोज लिहायला घेतो आणि ठेवून देतो. पण आता कुशाबा शिमग्याला बोटीने निघालाय. तो गावात जे सांगेल ते त्याच्या तोंडून तुझ्या कानावर पडण्याआधी हे पत्र पडावं म्हणून लिहितो. बसून वाच.

मी लग्नाचं विचारलं नव्हतं.

मनमोहनशेटने मला पाचव्या फेरीत खोटं पडायला सांगितलं होतं. पडलो नसतो तर पुढे लढत मिळाली नसती. करू की नको, ते मी देवाला विचारलं. तू उजवा कळवलास. मी पडलो.

सगळं सांगतो. तिसऱ्या फेरीत माझा एक ठोसा सिल्वाच्या बरगडीखाली असा बसला की तो गुडघ्यावर आला. रेफरी मोजायला लागला. उठला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते, डोळे माझ्यावर ठरत नव्हते. आणखी एक ठोसा आणि संपलं असतं. पंच, मनमोहनशेट, कोणाच्या बापाची टाप नव्हती मला हरवायची. सगळा मंडप उभा राहिला होता. त्या आरडाओरडीत कुशाबाचा आवाज मला वेगळा ऐकू आला. आणि मी दोन पावलं मागे सरलो. देवाने पडायला सांगितलंय, आपण कोण जिंकणार? खरंच असं मनात आलं गं. मी त्याला दम घ्यायला वेळ दिला.

पाचव्या फेरीत मी हात खाली सोडले. मला वाटलं सगळं ठरलेलं आहे, हा हलकाच मारील, मी पडेन. त्याने सगळा जोर लावून मारला. मग हॉस्पिटलातच जाग आली.

सिल्वा भेटायला आला होता, मोसंबी घेऊन. कर्फ्यू लागायच्या आधी. माझी पट्टी बघून तोच रडायला लागला. "भाई, हमको कुछ मालूम नहीं था," एवढंच पुन्हा पुन्हा. तेव्हा मला कळलं. पडणाऱ्यालाच सांगून ठेवतात. मारणाऱ्याला सांगत नाहीत, नाहीतर त्याचा ठोसा खोटा दिसतो. इतकी वर्षं या धंद्यात काढली आणि एवढं मला ठाऊक नव्हतं.

त्या डोळ्याने आता दिसत नाही. दुधाच्या घड्यांनी दिसणार नाही आणि कशानेच दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. परतीची लढत नाही. एका डोळ्याच्या माणसाला रिंगमध्ये उभं करत नाहीत. मनमोहनशेटच्या माडीवर गेलो होतो. त्याने पंखाही वळवला नाही.

गाळ्यात माझ्याशी कोणी बोलत नाही. मी घरी आलो त्या दिवशी कुशाबा जवळ येऊन उकिडवा बसला. मला वाटलं विचारपूस करील. म्हणाला, "तू पडलंस नाय, दौलत. बसलंस. पडणाऱ्याचे हात मागसून सुटतत. तुजे आदीच सुटले." ज्या खांद्यावर लाठी बसली त्याच खांद्यावर ट्रंक घेऊन तो आता गावी निघालाय, मला हात लावू दिला नाही. गंगुबाईकडे मी जेवायला बसलो की पंगतीतली माणसं पाट उचलून दुसरीकडे जातात. तिने तरी वाढणं बंद केलेलं नाही.

मालनच्या घरी स्पष्ट नाही सांग. त्या पोरीला देवाच्या नावावर माझ्या गळ्यात बांधू नकोस. एक खोटं मी केलं तेवढं पुरे.

आणि आक्का, यात तुझं काही नाही. तू प्रेमाने केलंस. मनाला लावून घेऊ नकोस.

शेवटचं सांगतो. मनमोहनशेटने परवा माणूस पाठवला होता. जत्रांमधून बॉक्सिंगचा एक तंबू फिरतो, सातारा, सांगली, थेट बेळगावपर्यंत. तिथे डोळे कोणी तपासत नाही. त्यांना रोज पडायला माणूस लागतो. मी हो म्हणणार आहे. गिरणीच्या फाटकावर एका डोळ्याच्या बदलीवाल्याला कोण आत घेणार? पाडव्याला तंबू निघतो. या वेळी देवाला विचारत नाही.

दौलत


आंबेरखोल
१ एप्रिल १९५६

दौलत,

तुझं पत्र आणि कुशाबा एकाच बोटीने आले. पत्र मी परड्यात गुरांच्या मागे बसून वाचलं. परत वाचलं. घरात आले, चुलीवर भात होता तो करपला, तो तसाच खाल्ला.

होळी पेटली त्या रात्री मांडावर, होळीच्या जागेवर, सगळा गाव जमला होता. कुशाबाने सगळ्यांसमोर सांगितलं की दौलतने गावचं नाव विकलं. त्यावर गावकरी म्हणाले, आपल्या घराला पालखीला खांदा द्यायचा मान आहे, तो काढून घ्यायचा. बायकांनी मांडावर बोलायचं नसतं हे मला कोणी शिकवायला नको. मी पुढे झाले. म्हटलं, "त्याका सांगणारी मिया. देव दोनदा नाय म्हणालो. मिया व्हय म्हणान लिवलंय." कुशाबाला वाटलं मी तुला वाचवायला काहीतरी बोलतेय. मग राजाराम गुरव उभा राहिला. त्याने मान खाली घालून सांगितलं की पहिले दोन कळे डावे पडले होते, तिसरा लावायला नको होता, पण बाई रडत होती.

कोणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी पालखी वाडीत आली. मी अंगण सारवून ठेवलं होतं, नारळ काढला होता, निरांजन लावलं होतं. शेजारच्या दारात पालखी नाचली. मग ढोल थांबले, आपल्या दारावरून पालखी मुकाट पुढे गेली आणि पुढच्या दारात ढोल पुन्हा वाजले. आई गेली त्या वर्षीही पालखी आपल्याकडे थांबली होती. निरांजन विझेपर्यंत मी तिथेच उभी होते.

मालनच्या वडलांनी निरोप पाठवला, जमायचं नाही म्हणून. मी नाही म्हणायच्या आधीच ते म्हणाले. ती पोर सुटली.

आता तुझ्याशी बोलते. यात तुझं काही नाही, असं तू लिहिलंस. असं लिहायला नको होतंस रे. आक्का, तू माझा डोळा घालवलास, असं लिहायचं होतंस. मी रडले असते, डोकं आपटून घेतलं असतं, पण तू मला खरं सांगितलंस असं तरी वाटलं असतं. तुला जन्मभर सांभाळून घेतलं मी, आता तू मला सांभाळून घेऊ नकोस. मला ते सोसत नाही. पत्र पाठव आणि त्यात शिव्या घाल, पण पाठव.

आणि तू मला मुळात विचारलंस का नाही? देवाला मनातलं कळलं होतं, त्याने बरोबर उत्तर दिलं होतं. मला कळलं नाही. मला सांगितलं असतंस तर मी बोटीत बसून आले असते आणि त्या मनमोहनशेटच्या माडीवर जाऊन त्याच्या डोक्यावरची टोपी फाडली असती. बहिणीला वाईट वाटेल म्हणून देवाला विचारायचं, आणि भावाचं भलं व्हावं म्हणून देवाला छळायचं. आपण दोघांनी मिळून तुझा डोळा घालवला.

तंबूत जायचं का, ते या वेळी देवाला विचारत नाही म्हणालास. विचारायची गरजच नाही. तू नोव्हेंबरात विचारलंस त्याचं उत्तर त्याने त्याच सोमवारी दिलं होतं. एकदा नाही, दोनदा. ते माझ्याकडे अडकलं. माझ्या हट्टापायी तुझ्यापर्यंत पोचलं नाही. ते आज पोचवते. नाही, दौलत. पैशासाठी पडू नकोस. तुझा एक डोळा अजून शाबूत आहे. रोज कोणाच्या तरी हातून मार खाऊन तोही घालवशील, आणि मग मला पत्र लिहायलासुद्धा दुसरा माणूस लागेल.

इकडे खायला फार नाही. नाचणी आहे, दोन म्हशी आहेत, आणि माझ्यासारखीच वाळीत पडल्यासारखी एक बहीण आहे. गावात कोणी हाक मारणार नाही. पुढच्या शिमग्याला पालखी थांबेल असंही मी म्हणत नाही. पण इथे तुला कोणी पडायला सांगणार नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही, टपालाचा मला आता भरवसा नाही. कुशाबा उद्याच्या बोटीने परत निघतोय, पाडव्याच्या आत पोचेल. मांडावरून आल्यापासून तो रोज येऊन पडवीत बसतो. आज मी पत्र हातात दिलं तेव्हा म्हणाला, "मिया तेका 'बसलंस' म्हणालंय. आता पायांनी जाऊन ता परत घेवक व्हया." मी त्याला सांगितलंय, दौलत तंबूवाल्यांकडे गेला असला तर तिथवर जा, आणि डोळ्याने वाचवत नसेल तर वाचून दाखव. तू उत्तर दिल्याशिवाय तो तुझ्या समोरून उठणार नाही.

तुझी
आक्का